सुस्वभावी असल्याचा दाखला

१४ तारीख, रविवार दुपार

ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तूही बरी असशील, अप्पांना साष्टांग. झालं. आता तुझं ते "बघू" बंद कर.

दोन वर्षं बघतेयस. फोनवर विषय काढला की "हं, हं" करतेस, कारण शेजारी अप्पा बसलेले असतात. मग दूध उतू जातंय म्हणून ठेवून देतेस. आपल्या घरी एवढं दूध कधीपासून यायला लागलं? म्हणून लिहितोय. माझ्या खोलीतला एकजण सुट्टीवर निघालाय, तो पत्र आणून देईल. माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू म्हणतेस, "तिकडे कायमचं यायचा अर्ज परत आला, नशिबातच नाही." नशिबाचा काय संबंध? तुझ्या मालकांनी दिलेलं कामाचं पत्र मी आमच्या नेटवर्कच्या साहेबांना दाखवलं. हो, दाखवलं. रागव. आम्ही छताच्या पोकळीतून केबल ओढतो आणि हे साहेब खाली बसून यंत्रं चालू करतात, म्हणजे तू तिकडे करतेस तेच. ते स्वतः याच वाटेनं इथं कायमचे आलेत, आधी कामाची तपासणी, मग वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण जमवणं, मग अर्ज. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि मला म्हणाले, "हे नोकरीसाठी आहे की स्थळ आलंय?"

चुकलं का त्यांचं? "अत्यंत शांत, सुस्वभावी, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी, कधीही उलट उत्तर न देणारी, आम्हाला मुलीसारखी." सात वर्षं तिथली सगळी यंत्रणा सांभाळलीस, दोन शाखा एकमेकींना जोडल्यास, परका कोणी आत घुसू नये म्हणून काय काय बसवलंस, आणि अख्ख्या पत्रात राउटर हा शब्द नाही. साहेब म्हणाले, "तपासणाऱ्यांना हिच्या स्वभावाशी काय करायचंय? काय काम केलं, कशावर केलं, आठवड्याला किती तास, एवढं लिहून आणायला सांग. ही मुलगी नेमकं करते काय, हेच त्यांना कळलेलं नाही."

म्हणजे पुन्हा अर्ज करता येतो. मालकांकडे जाऊन दुसरं पत्र मागायचं, बस्स. आणि तिथंच तुझं घोडं अडलंय. "एवढं कौतुकानं लिहून दिलं, त्यांना काय वाटेल?" वाटू दे की. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू जन्मभर त्यांचं इंटरनेट चालू करून देणार का? पुढच्या वाढदिवसानंतर वयाचे गुण कमी होतात, हे तूच मला सांगितलंस. वाढदिवस काय तुझ्यासाठी थांबणारे का?

दहावीला गचकलेला मला शिकवतोय, असं म्हणशील. म्हण. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी ओढलेल्या केबलमधून पुढं काय धावतं तेही मला धड माहीत नाही. पण तू दारात उभी राहून चपला घालतेस आणि परत काढतेस, ते मला इतक्या लांबून दिसतं.

आता अप्पा. ते तुझं हुकमाचं पान. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात चालत नाही, आंघोळ घालावी लागते, शर्टाची बटणं लावावी लागतात, सगळं मान्य. मावशी येऊन राहते म्हणाली तर तू तिचे गुडघे पुढं केलेस. बाई ठेवू म्हटलं तर अप्पांनी तिला दोन दिवसांत पळवून लावलं. मी काहीही सुचवलं की तुझं ठरलेलं, "तिथं बसून बोलायला तुझं काय जातं?"

हे लागलं मला. खोटं नाही सांगत.

बरं, इकडची खबर. आमचं इथलं हॉस्पिटलचं काम संपत आलं. परवा मुकादमानं सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. अजून दोन वर्षं कोण थांबणार, हात वर करा म्हणाला. सगळ्यांनी केले. माझे खिशात होते.

"काय रे, झोपलास का?"

"नाही. घरी चाललोय."

त्याला वाटलं, मी भाव खातोय. दुपारी बाजूला घेऊन पगार थोडा वाढवतो म्हणाला. तरी नको म्हटलं. पोरं म्हणाली, याचं डोकं छतातल्या गरमीनं फिरलंय.

लगेच डोळे पुसायला बसू नकोस. मी काही तुझ्यासाठी त्याग वगैरे करत नाहीये. केबल ओढणाऱ्याला इथं कायमचं राहायची वाट नाही, साहेबांना विचारून झालं. आणि असती तरी मी राहिलो असतो असं नाही. रविवारी दुपारी सगळे आपापल्या खाटेवर फोन घेऊन घरच्यांशी बोलत असतात. मी भिंतीकडे तोंड करून पडतो, कारण मी फोन केला की तुझं दूध उतू जातं.

अप्पा मला आंघोळ घालू देतील का, माहीत नाही. मला उंडगा म्हणतात. आंघोळ घालताना म्हणू देत, तोंडात साबण जाईल म्हणून आपोआप गप्प बसतील. बटणं मला लावता येतात. गोळ्या कुठल्या कधी, ते तू निघायच्या आधी शिकव. आणि कामाचं म्हणशील तर छतं तिकडेही आहेत.

तू मालकांकडे जा. येत्या आठवड्यातच जा. अप्पांसाठी थांबले, असं म्हणायची तुझी सोय मी काढून घेतोय, याचा तुला राग येईल. येऊ दे. भीती वाटत असेल तर भीती वाटते असं म्हण, ते मला चालेल. मी निघालो तेव्हा विमानात बसेपर्यंत मलाही भीती वाटत होती, आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

महिनाअखेरीला पोचतो. अप्पांना सांगू नकोस. त्यांच्या शिव्या मला समोरासमोर खाऊ दे.

तुझा,
बारक्या

ता. क. तुझ्या खात्यात पैसे टाकलेत. घरात एक नवा पैसा घालायचा नाही. तपासणीची फी भर, आणि उरतील त्यात स्वतःसाठी चाकांची मोठी बॅग घे. एक लाख अठरा हजार आहेत.