उलटी दुरुस्ती

सर, तुम्ही गेल्याला दहा वर्षं होऊन गेली, पण रेडिओचा सेट मोजायला मी अजून तुमच्याच पद्धतीनं बसते. आधी तो चालू करून ठेवते, मग चहा टाकते, भाजी चिरते, आणि तो चांगला तापला की मगच कानाला हेडफोन लावते. काल असाच एक नवा सेट ओट्याशेजारी तापत ठेवला होता. कॉम्प्युटरला जोडायचा, तळहातावर मावणारा, बाकी सगळं काम सॉफ्टवेअरचं. तरी फ्रिक्वेन्सी ठरवणारा आतला स्फटिक थंड असताना एक आकडा सांगतो आणि तापल्यावर दुसरंच. तुम्ही कर्जतच्या आयटीआयमध्ये तीस वर्षं हेच सांगत आलात आणि निवृत्त झाल्यावर मला हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या परीक्षेला बसवलंत, तेव्हाही पहिलं वाक्य हेच होतं.

माझा पहिला सेट मात्र मी घाईनं दुरुस्त केला होता. शनिवारी दहा मेगाहर्ट्झवर परदेशातलं वेळ सांगणारं केंद्र लावलं. त्यांची फ्रिक्वेन्सी अचूक असते, म्हणजे जो फरक दिसेल तो आपला. माझा फरक निघाला दोनशे हर्ट्झ. तेवढी दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या चौकटीत भरली आणि खूश होऊन झोपले. रविवारी सकाळी सात मेगाहर्ट्झवर आपली नेहमीची हवेतली बैठक जमली, तर तुमचा आवाज मला घशात बोळा कोंबल्यासारखा येतोय. इतरांचाही तसाच. तुम्ही आणि बैठकीतले ते सात मुरलेले कान सगळे एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या बाजूला, तरी मला शंका आली नाही, सर! मला वाटलं, सगळे तुमच्या मागोमाग डायल लावतात, म्हणून तुमच्याबरोबर सगळेच चुकलेत. आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "सर, तुमचा सेट अडीचशे-तीनशेनं घसरलाय. माझा कालच मोजलाय."

मग तुम्ही म्हणालात, "बरं. मी येतो तुझ्यावर." तुम्ही तुमचा डायल माझ्याकडे सरकवलात, तुमच्यामागून बाकीचे आले. त्यातल्या नेरळच्या काकांनी उसासा टाकला, "सरांचा सेट म्हातारा झाला आता." मला तेव्हा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. आज आठवलं की कानशिलं तापतात.

दहाच्या सुमारास तुम्ही खालापूरला माझ्या दारात. कर्जतहून चौकमार्गे स्कूटरवर, पिशवीत घरच्या शेतातल्या चार काकड्या. मला वाटलं, रागवायला आलात. तुम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसता, सेट तापलाय का विचारता आणि पुन्हा तेच दहा मेगाहर्ट्झचं केंद्र लावायला सांगता. केंद्राच्या आणि माझ्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाची शिट्टी ऐकू येते. तुम्ही डोळे मिटता, जराशी मान हलवता. "चारशे." मी स्क्रीनवर मोजते, तर खरंच चारशे. नुसत्या कानानं! असा कान मी नंतर कुणाचा पाहिला नाही.

"काल किती मोजलेलंस?"

"दोनशे."

"आनि दुरुस्ती केल्यावर चारशे? चूक वाढली कशी गं?"

मी चौकटीकडे पाहिलं. वजा भरायचं तिथे अधिक भरलं होतं. दहा मेगाहर्ट्झवरचे चारशे म्हणजे बैठकीच्या सात मेगाहर्ट्झवरचे अडीचशे-तीनशे. मोजलं बरोबर, दुरुस्ती उलटी केली, आणि दुप्पट चुकीच्या जागी उभी राहून तुम्हाला शिकवलं.

"दुरुस्ती केली की परत मोजायचं असतं, बाय. चुकीचं चिन्ह माज्याकडूनबी पडलंय. परत न मोजता दुसऱ्याची चूक काढायची नाय." एवढंच रागावलात. मी रडकुंडीला येऊन म्हटलं की पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगते. तुम्ही काकडीला मीठ लावत होतात. "घाई नाय. तू तिथं नवी हायस, त्यात एकटी बाई. एकदा हसले की वर्षभर हसतील. ठपका माज्यावर चार दिस ऱ्हाऊ दे. जमंल तवा सांग."

मी चिन्ह बदललं आणि पुढच्या रविवारी सगळं जागेवर आलं. तुमचा सेट दुरुस्त झाला असं सगळे धरून चालले आणि तुम्ही ते खोडलं नाहीत. आयुष्यभर एकेका हर्ट्झसाठी भांडणारा माणूस, स्वतःच्या सेटची अब्रू माझ्यासाठी अशी सहज देऊन बसला. यापेक्षा मोठं काही मला कुणी शिकवलेलं नाही. मी रोज उद्या-उद्या म्हणत राहिले आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात.

आता माझ्याकडे कोंडाण्यापासून शेलूपर्यंतच्या गावांतली पोरं शिकायला येतात. अधिक-वजाची गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. "एका मुलीनं असं केलं होतं" असं म्हणते. तेही एक वेळ चालेल. पण मागच्या रविवारी नेरळच्या काकांनी तुमचा विषय काढला. "देवमाणूस होते, पण शेवटी शेवटी त्यांचा सेट घसरायचा." मी माइकचं बटण दाबलं. सगळे माझं ऐकायला थांबले. मी सांगितलं की खालापुरात ढग आहेत, वारा पडलाय, आणि बटण सोडून दिलं.