लेकरांची ओळ

५ जानेवारी
पोहोचले एकदाची. बारामतीच्या स्टँडवर आप्पासाहेबांचे ड्रायव्हर कुंडलिकराव गाडी घेऊन आले होते. इंदापूरच्या अलीकडे आत वळलं की थेट धरणाच्या पाण्याकाठी मळा. चहूकडे ऊस आणि मधेच आमची द्राक्षं. आप्पासाहेबांनी तरुणपणी फ्रान्समधल्या एका जुन्या गढीवर मधासारखी गोड वाइन चाखली आणि तिचं वेडच लागलं. मी त्याच भागातल्या तीनशे वर्षं जुन्या मळ्यावर दोन हंगाम काढलेत, म्हणून तशी वाइन इथं करायला मला बोलावणं. बायकांच्या मुकादम सारजाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि लगेच विचारलं, लग्न का नाही केलं. मला आवडल्या बाई.

९ जानेवारी
तिकडची गंमत अशी, की नदीचं धुकं वेलींवर बसतं, द्राक्षांवर राखाडी बुरशी धरते, ती मण्यातलं पाणी पिते आणि नुसती साखर उरते. मी फवारणी थांबवली तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण बुरशी येते ती काळी, आंबट. पाण्यालगतच्या शेवटच्या ओळीत मात्र अगदी हवी तशी, मऊ, राखाडी.
त्या ओळीतली द्राक्षं कुणी तोडत नाही. इथं तान्ही लेकरं गेली की पुरतात. जुनं गाव पाण्याखाली गेलं, पुरायची जागा तेवढी काठावर राहिली, आणि ही ओळ तिच्यावर आहे. लेकरांची वळ म्हणतात. त्यास्नी गोडधोड कोण देणार, ताई, असं सारजाबाई म्हणाल्या. त्यांचीही एक मुलगी तिथं आहे, बारशाआधीच गेलेली.

१७ जानेवारी
आप्पासाहेबांचा मुलगा ऋषिराज स्पष्टच बोलला. यंदा वाइन झाली नाही तर वेली उपटून ऊस लावणार. म्हणजे म्हातारा खचणार आणि मी बॅग भरणार.
आज मी खोटं बोलले. आप्पासाहेबांनी ती ओळ तोडायला सांगितलीय, असं सारजाबाईंना म्हणाले. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मग त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि एकट्याच कापू लागल्या, कारण बाकी कुणी हात लावेना. एक पिंप भरेल एवढा माल निघाला. कुणाचं काय बिघडलं यात?

२५ जानेवारी
रस आंबायला लागला. लाकडी पिंपातून बुडबुड ऐकू यायला हवी. हे निराळंच आहे, चुटुक चुटुक, बाळ अंगावर पिताना येतो तसा आवाज. मी बोलले की थांबतो.

३० जानेवारी
सारजाबाई फार वाळल्यात. त्यांच्या सासूने, बानूबाईंनी, मला बाजूला घेऊन सांगितलं की सुनेला दूध आलंय. या वयात. रोज पहाटे धुक्यात त्या ओळीत जाऊन बसते, परत येते ती अर्धी होऊन. ज्यानं लेकरांचं काढून घेतलं त्यालाच मग लेकरांना पाजावं लागतं, म्हणाल्या. आणि मग विचारलं, आप्पासाहेब खरंच बोललं व्हतं न्हवं?
मी हो म्हणाले. मान खाली घालून, पण हो म्हणाले.

३ फेब्रुवारी
बारामतीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट सगळे चांगले. गाडीत त्यांच्या अंगाला मधाचा वास येत होता. हात सुकलेल्या मण्यासारखे. मलाच म्हणाल्या, ताई, तुमी जेवला का. मला रडायला आलं, तरी खरं सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी
पहाटे सारजाबाईंच्या मागे गेले. धुकं गुडघ्यापर्यंत होतं. त्या वेलींखाली बसलेल्या, पदर बाजूला. मांडीवर काहीतरी राखाडी, लवेचं— खांद्यावरही. आणि धुक्यातून अजून रांगत येत—
पळाले मी. त्यांना तिथंच टाकून पळाले.

८ फेब्रुवारी
आप्पासाहेबांनी चव घेतली. डोळे भरले त्यांचे. अगदी तीच, म्हणाले. कुठल्या ओळीची? मधल्या, म्हटलं मी. लाज कशी वाटत नाही मला.

९ फेब्रुवारी
पिंप पाण्यात ओतलं. सगळं. उपयोग नाही. आज सारजाबाईंना उचलून ओळीत न्यावं लागलं. त्याच म्हणत होत्या, न्या, भुकेली हायती.

१० फेब्रुवारी
सांगितलं. सारजाबाईंचे पाय धरले आणि सांगितलं. कुणी परवानगी दिली नव्हती, मीच खोटं बोलले.
रागावल्या नाहीत. म्हणाल्या, म्हंजी ती लेकरं माझ्यावर न्हाईत व्हय. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कीव केल्यासारखा.

११ फेब्रुवारी
दूध आटलं त्यांचं. भाकरी खाल्ली. दुसरी मागितली. इतकं हलकं वाटलं मला की—

१२, पहाट
ब्लाऊज ओला आहे. दोन्ही बाजूंनी. मधाचा वास.
दाराच्या फटीतून धुकं येतंय. बाहेर, खाली, उंबऱ्यापाशी— चुटुक—
रागावलेली नाहीत ती. नुसती भुकेली आहेत. किती आहेत, आणि मी एकटी—
कडी काढते. सारजाबाईंची मुलगीही असेल यांच्यात. तिला आधी घेईन, निदान तेवढं तरी—