वाकड्या ओस्ती आणि पार्शातले घर

बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने.

मी, मारिया रेमेद लोबो, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पार्से, तालुका पेडणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मी शुद्धीवर आहे. मी शुद्धीवर नव्हते असे पुढे कोणी म्हणाले, तर आधी त्या माणसाला काय मिळायचे राहिले ते पाहावे.

मराठीत लिहिते. गोवा राज्य झाले, कोकणी राजभाषा झाली. कचेरीतल्या कारकुनाने विचारले, "बाई, तुमी क्रिस्तांव. मगे मराठी कित्याक?" मी शाळा मराठीत शिकले आणि मराठीत शिकवली. प्रार्थना कोकणीत करते. हे त्याला सांगितले नाही. तो कोणत्या बाजूने विचारत होता ते कळले नाही.

१. मला कपेलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या देवळाच्या, दफनभूमीत पुरावे. पेटी शांताराम मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करवून घ्यावी. त्याने जोडलेले सांधे नीट बसत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी त्याच्याकडूनच.

२. बँकेतली शिल्लक माझ्या मुंबईच्या बहिणीचा मुलगा आग्नेल याला द्यावी. तेवढीच. गेल्या मे महिन्यात तो एका गृहस्थाला घेऊन आला होता. "मावशे, ह्या घराची काळजी तू कित्याक करता? हांव आसां मू," असे तो म्हणाला. तेवढ्यात तो गृहस्थ कुंपणापाशी जाऊन रस्त्याची रुंदी पावलांनी मोजत होता. तेरेखोलच्या बाजूला हॉटेले येणार, असे दोघे आपसात बोलले. मला वाटते त्यांना वाटले की मला ऐकू येत नाही.

३. घराविषयी. हे घर वडिलांचे. माझा धाकटा भाऊ इनास याने आपला हिस्सा हयातीत माझ्या नावे लिहून दिला. त्या कागदावर त्याची बायको पिएदाद हिनेही सही केली. न वाचता केली. न वाचता सही करणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. त्याच्या मनात दुसरा काहीतरी कागद असतो. इनास वारला. त्यांना मूल नाही. पिएदाद माझ्याच घरात राहते, माझे जेवण करते आणि मला माना, म्हणजे थोरली बहीण, म्हणते. माझ्यानंतर आग्नेल तिला बाहेर काढील. हे तिलाही ठाऊक आहे. तिने त्याबद्दल कधी विचारले नाही. याचाही मला संशय येत आला आहे.

~~मरेपर्यंत तिला मागच्या खोलीत राहू द्यावे. किल्ली कोणाला देऊ नये, फणस तोडू नये, भिंतीला खिळा मारू नये.~~

४. ओस्तीचा साचा. मिसेत, म्हणजे कपेलातल्या उपासनेत, पाद्री जी पातळ गोल भाकर देवाला अर्पण करून लोकांच्या जिभेवर ठेवतो, ती ओस्त. आमच्या कपेलाच्या ओस्ती आमच्या घरात भाजण्याची रीत आजीपासून आहे. दोन लोखंडी पाती, लांब दांडे, गव्हाचे पीठ, पाणी. आणखी काही नाही. साचा माझ्याकडे आल्यापासून मी कड फुटलेली, फुगा आलेली, जरा तांबूस झालेली ओस्त बाजूला काढत आले. देवाचे शरीर व्हायचे ते निर्दोष असावे. बाजूला काढलेल्या ओस्ती वाडीतल्या पोरांना द्यायच्या.

मी स्वतःलाही तसेच बाजूला काढत आले. कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, करून बाहेर पडले की पाप नीट सांगितले का, अशी शंका येई आणि मी अर्ध्या वाटेवरून परत फिरे. एका म्हाताऱ्या पाद्रीने जाळीतून म्हटले होते, "बाय, देवान माफ केलां. तू तेंय तपासूक येतंस?" ते मला उद्धटपणाचे वाटले.

काही वर्षांपासून पाद्रीकडे जाणाऱ्या डब्यातल्या ओस्ती मी ठेवल्यापेक्षा जास्त दिसत. मला पिएदादचा संशय आला. टाकलेल्या ओस्ती ती परत डब्यात घालते, पाद्रीसमोर माझी मान खाली जावी म्हणून. या फेस्ताला, म्हणजे कपेलाच्या वार्षिक सणाला, मी डब्याला कुलूप लावले.

त्या दिवशी गुडघ्यांमुळे मी पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसले. मागच्या बाकांपर्यंत येण्याआधी ओस्ती संपत आल्या. पाद्रीने उरलेल्या मोडायला सुरुवात केली. अर्ध्या, मग पाव. माझ्या जिभेवर नखाएवढा तुकडा आला. तो हातात नव्हता, तरी मी जिभेने त्याची कड तपासली. त्याला कडच नव्हती. माझ्यामागे बसलेल्यांना तेवढेही मिळाले नाही.

घरी आल्यावर मी पिएदादला विचारले, "वाकड्या ओस्ती तूच परत घालतेस?"

"घालतंय. मागच्यांका उणी पडतत. आवंदू तू कुलूप घातलंस."

"मला का नाही सांगितलेस?"

"सांगून तू आयकतलंस?" ती मासे साफ करत होती, वर पाहिले नाही. "वाकड्येत देव बसना?"

"फुटकी ओस्त पाद्रीच्या हातात देणे शोभत नाही."

"पाद्री सगळ्यांमुखार मोडताच न्हय ती? तुझी बरी ती पयली मोडता." मग म्हणाली, "माना, तू सर्गार गेलंस काय थंयचो दरवाजो राखता त्या सांत पेद्रूच्या चावयांचो गंज काडीत बसतलंस."

मी हसले नाही. ती हसली.

तिने हे मागच्या बाकावरच्या लोकांसाठी केले, की माझ्या हाताखालून माझे काम काढून घेण्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. मृत्युपत्रात कळल्याचे सोंग करणार नाही. हा संशय मी माझ्याबरोबर नेते. तो वारशाने कोणाला देत नाही.

साचा पिएदादला. पणजीहून सारख्या कापलेल्या ओस्तींची पाकिटे मागवावी असे नवे पाद्री सुचवतात. तिला हवे तर मागवू दे. ती भाजील तेव्हा तिच्या ओस्ती कोणी निवडू नयेत.

५. कलम तीनमधील शेवटची दोन वाक्ये, त्यांतल्या अटींसह, मी रद्द करते. पार्शातील घर, आवार आणि झाडे पिएदाद इनास लोबो हिला पूर्ण मालकीने देते. तिने ते विकले तर विकावे. खिळे मारले तर मारावे. उद्या आग्नेललाच लिहून दिले, तेही न वाचता, तरी माझी हरकत नाही. हे शेवटचे वाक्य मी पुष्कळ वेळा लिहून पाहिले.

६. साक्षीदार म्हणून सगुण परब आणि त्यांची सून विनिता यांना बोलावले. त्यांच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. या कागदातून त्यांना काही मिळत नाही म्हणून. सगुणने कलम तीनवरची काट पाहून विचारले, "बाई, पान परत बरोवया? बरें दिसना." मी नको म्हटले. स्वच्छ प्रत काढू नये. काटेच्या दोन्ही टोकांना आम्ही तिघांनी सही केली आहे, आणि खोडलेले अजून वाचता येते.

स्थळ: पार्से, पेडणे
दिनांक: ७ फेब्रुवारी १९८९

मारिया रेमेद लोबो

साक्षीदार:
सगुण परब
विनिता परब