तुम्ही न वाचलेलं वाक्य

सर, शाळा तुमच्या आठवणींची पुस्तिका काढते आहे आणि माझ्याकडेही दोन पानं मागितली आहेत. तीन दिवस मी 'आमचे सर शिस्तप्रिय पण प्रेमळ' एवढ्यावरच अडले आहे. तुम्ही असता तर कागद परत केला असता, त्या पहिल्या शनिवारी केला होता तसाच. चित्रकलेच्या वर्गात टीव्ही आणि व्हीसीआर मांडून तुम्ही आम्हाला जगातल्या धर्मांवरची ती मालिका दाखवायचात. दर शनिवारी एक भाग, मग प्रत्येकानं आपलं मत लिहून द्यायचं. मी लिहिलं, 'भाग छान व माहितीपूर्ण आहे.' तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून विचारलंत, "हे तू पाहिलंस, की कॅसेटच्या डब्यावर वाचलंस?" वर्ग हसला, मीही हसले. मग तुम्ही फळ्यावर लिहिलंत, जे खटकलं ते आधी. त्या दिवसापासून मी नीट पाहायला शिकले, हे मान्य करायलाच हवं. बौद्ध धर्माच्या भागात नुसती लेणी आणि परदेशातले भिक्खू, आमच्या वस्तीतला विहार का नाही, असं मी विचारलं, तर तुम्ही लाल शाईत 'शाबास' लिहिलंत. तो कागद कितीतरी दिवस माझ्या दप्तरात होता.

शेवटचा भाग हिंदू धर्माचा. त्यात निवेदक म्हणतो, देवळाचं दार सगळ्यांना सारखंच उघडं असतं. घरी येऊन मी हे सांगते आणि भाकरी थापणारे आईचे हात थांबतात. लहानपणी सिन्नरकडच्या गावात ती दुसऱ्यांच्या मळ्यात झेंडू खुडायला जायची. "लिही," ती म्हणते, "म्या खुडलेली फुलं देवळात जायची, आन् मी पायरीखाली उभी." मी तिचं वाक्य तिच्याच बोलीत उतरवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दोनदा वाचून दाखवलं. सोमवारी ते वाचून तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात आणि म्हणालात, मालिकेच्या समारोपाला हेच वाचू.

समारोपाला आई कारखान्यातली पाळी बदलून आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर संस्थेचे अध्यक्ष, शेजारी तुम्ही, हातात माझा कागद. तुमचं वाचन नेहमीच छान असायचं. वाक्य जवळ आलं तशी आईनं पदर सारखा केला, मी मान वळवून पाहत होते. आणि तुम्ही वाचलंत, 'हा भाग पाहून मला आपल्या परंपरेचा अभिमान वाटला.' टाळ्या पडल्या. मला बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला. नंतर व्हरांड्यात तुम्ही हळूच म्हणालात, "मालिका पुढच्या वर्षी चालू ठेवायची आहे ना आपल्याला? समजून घे."

मी समजून घेतलं नाही, सर. इतक्या वर्षांनीही नाही. अध्यक्षांना घाबरून तुम्ही वाक्य गाळलं असतंत तर कदाचित घेतलं असतं. पण त्या जागी तुम्ही स्वतःचं वाक्य घातलंत आणि खाली नाव माझं वाचलंत. जे खटकलं ते आधी, हे शिकवणारा माणूसच असा उलटला. त्यानंतर तुमच्या तासाला मी मान वर केली नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, कोण जाणे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी सटाण्याला नोकरीवर होते, शेवटच्या दर्शनाला यायची सोय होती. आले नाही.

पुस्तिकेसाठी शिस्तप्रिय पण प्रेमळ असंच काहीतरी पाठवीन. हे इथंच राहील, कारण यात एक गोष्ट माझीही आहे. समारोपाहून घरी येताना आईनं विचारलं, "माझं बोलणं कुठं गेलं गं?" तुम्ही तेव्हा मला देवासारखे होतात. तुमचं नाव तिच्यासमोर खाली जाऊ नये म्हणून मी पटकन सांगितलं, मीच काढलं. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस." तिला वाटलं, मला तिची लाज वाटली. आई आता थकली आहे, माझ्याकडेच असते, आणि तिला अजून तसंच वाटतं.