जयसिंगचा नोंदलेला चेहरा

२३ फेब्रुवारी, सोमवार
मी पुरुषोत्तम दगडू पाटील, बी. कॉम., डी. एड., मूळ राहणार प्रकाशा (ता. शहादा), सध्या धडगाव तालुक्यातील एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. टॅबवर मुलांची परीक्षा घेण्याची नवी पद्धत यंदा आमच्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्याविषयी बैठकीत एक बोलले जाते, ग्रुपवर दुसरे लिहिले जाते आणि वर्गात तिसरेच घडते. घडते तेवढेच, घडेल त्या दिवशी, स्वतःपुरते लिहून ठेवावे, एवढाच हेतू.

आज टॅब खोक्यातून काढले. रीत अशी : मुलाने टॅबसमोर चेहरा धरायचा. जूनमध्ये नोंदलेल्या छायाचित्राशी तो जुळला तरच प्रश्न उघडतात. जुळला नाही तर मूल गैरहजर. समोर मांडी घालून बसलेले असले तरी गैरहजर.

शाळेत रेंज नाही. ती वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली येते. म्हणून परीक्षा मोहाखाली. एक सतरंजी, चार टॅब, आणि फुले खायला आलेल्या शेळ्या. त्यांना हाकलणे हेही माझ्याच कर्तव्यात मोडते.

२५ फेब्रु., बुधवार
केंद्रप्रमुखांचा (यापुढे कें. प्र.) फोन. चौथीची चाचणी दोन टप्प्यांत. दोन्ही टप्पे दिलेल्या मुलांमधूनच पाचवीच्या निवासी शाळेसाठी निवड. पहिला टप्पा होळीच्या आठवड्यात. मी निदर्शनास आणले की त्या आठवड्यात इकडे मूल वर्गात सापडत नाही; डोंगरात प्रत्येक गावाची होळी वेगळ्या दिवशी, आणि मुले सगळ्यांना जातात. कें. प्र. आमच्याच शहाद्याकडचे. म्हणाले, "भाऊ, पुनामा होयी एकच दिन ऱ्हास." आणि हसले. पुण्यात होळी एकाच दिवशी, म्हणून तारीख कायम.

आमच्या चौथीतून निवड होण्यासारखा मुलगा एकच, जयसिंग. बेरीज केली की हा उलट वजाबाकी करून पाहतो. हे त्याला कोणी शिकवले नाही, मीही नाही. वर्गात असे मूल असले की शिक्षकाचे वर्ष सुसह्य होते.

बाप खेमजी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. यंदा मुलाला काकाकडे ठेवून गेला आणि होळीसाठी परतला. त्याने मला स्पष्ट सांगितले आहे : निवासी शाळेत नाव लागले तर शिकेल, नाही तर पुढच्या दिवाळीला तोडीवर. पाचवीची दुसरी शाळा नदीपलीकडे आहे. पावसाळ्यात ती असून नसल्यासारखी.

२८ फेब्रु., शनिवार
जयसिंग बावा झाला.

आई पावसाळ्यात फार आजारी होती. ती उठली तर मुलगा होळीला बावा होईल, असा खेमजीचा नवस. अंगभर राख, तीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू. मेळे संपून नवस फिटेपर्यंत अंघोळ नाही, खाट नाही, पायात चप्पल नाही. तोंड धुणे तर नाहीच.

इतकी वर्षे मी या डोंगरात आहे. हे मला माहीत होते. वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिले नाही.

३ मार्च, मंगळवार
मोहाखाली. चौथीतल्या बाकीच्या तिघांचे चेहरे जुळले. जयसिंग : "चेहरा जुळत नाही." पुन्हा. टॅब सावलीत, टॅब उन्हात, टोप काढून. नाहीच. मुलगा श्वास रोखून उभा. दोष आपला असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहत होता.

खेमजी तिथेच होता. फक्त तोंड पुसले तर चालेल का, असे मी विचारले. त्याने आधी टॅबकडे पाहिले. मग : "गुरुजी, तुझा डबा ओळखत नाही तर त्याला शिकव. माझी बायको मरत होती." इकडे सर्वांनाच तू म्हणतात. त्यात अवमान नसतो.

पावरा गुरुजी, माझे सहकारी, इथलेच, वयाने तरुण. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवले की ओळखपत्रावरचा जुना फोटो कॅमेऱ्यासमोर धरू. "सर, सगळीकडे हेच चालतं." मी नकार दिला. खोट्या हजेरीवर खरे गुण उभे राहत नाहीत, असे काहीसे म्हणालो. वाक्य त्या वेळी मला आवडले होते.

मग मेनूमध्ये "छायाचित्र अद्ययावत करा" हा पर्याय सापडला. आज त्याचा चेहरा राखेचा आहे, तर राखेचाच नोंदवावा. नोंदवला. हिरवी खूण आली. संपूर्णपणे नियमात. जयसिंगने सगळे प्रश्न सोडवले आणि नंतर मागे जाऊन पडताळले. मान हलली की घुंगरू वाजे. पावरा गुरुजींनी हसून हात जोडले.

दिवस चांगला गेला, असे आज लिहिण्यास हरकत नाही.

६ मार्च, शुक्रवार
जयसिंग टॅबसमोर बसल्याचा फोटो पावरा गुरुजींनी ग्रुपवर टाकला होता. कें. प्रं.नी तो वर पाठवला. दुपारी तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर दिसला. खाली मोठ्या अक्षरांत : "परंपरा आणि तंत्रज्ञान हातात हात". टाळ्या. मला उभे राहायला सांगितले. राहिलो.

परीक्षा होळीत का ठेवली, हे विचारण्यासाठी मी टिपण करून नेले होते. टाळ्यांनंतर ते खिशातून काढणे बरे दिसले नसते. तसेच परत आणले.

१६ मार्च, सोमवार
नवस फिटला. ओढ्यावर अंघोळ करून, केसांना तेल लावून जयसिंग शाळेत आला. चार दिवसांचा उपाशी असावा तसा उदाहरणांवर तुटून पडला.

दुसरा टप्पा २३ ते २५. सराव म्हणून त्याला टॅबसमोर बसवले. "चेहरा जुळत नाही."

साहजिक आहे. यंत्राच्या लेखी जयसिंग म्हणजे राख आणि ठिपके. पुन्हा अद्ययावत करायला गेलो. पर्याय फिकट झालेला, खाली बारीक ओळ : शैक्षणिक वर्षात छायाचित्र एकदाच बदलता येईल.

ही ओळ त्या दिवशीही तिथे असणार. मी वाचली नाही. किराणा दुकानाच्या पावतीची मागची बाजूसुद्धा वाचणारा मी.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात : चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद करायची. चूक होणारच, हे तिथे गृहीत धरलेले असते. हे ॲप करणाऱ्याला माणसे कधी चुकतात हे कोणी सांगितले नसावे. किंवा मुले अंघोळ करतात हे.

१८ मार्च, बुधवार
मदत क्रमांक. वाट पाहण्याचे संगीत. मग एक नम्र मुलगी. मुलाचा चेहरा का बदलला, हे तिने विचारले. मी सांगितले. तिने तक्रार नोंदवली. उत्तर आठ ते दहा कामकाजाच्या दिवसांत. २५ तारीख तिला सांगितली. तीही तिने नोंदवली.

सायंकाळी गावी, प्रकाशाला, घरी फोन. सौ.ने सगळे ऐकून घेतले. "तुम्ही तं बँकमाच जावाले पाहिजे व्हतं," म्हणाली. "तठे पोरं नही ऱ्हातस." बँकेत मुले नसतात, हे खरे. पुढे बराच वेळ मिरचीच्या भावावर बोलली. मला बरे वाटावे म्हणून असेल.

पावरा गुरुजींना मी आज स्वतः होऊन विचारले, तो फोटो धरण्याचा मार्ग... वाक्य पूर्ण केले नाही. त्यांनी पूर्ण करू दिलेही नाही. "सर, नवीन आवृत्तीत डोळे मिचकावायला सांगतं. फोटो मिचकावत नाही." टोमणा मारण्याची पूर्ण संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. ते अधिक लागले.

२० मार्च, शुक्रवार
पावरा गुरुजींना सोबत घेऊन खेमजीच्या घरी. विनंती केली : फक्त तोंडाला राख, चार ठिपके, तेवढ्या वेळापुरते. लगेच धुऊन टाकू.

खेमजी रागावला नाही. रागावला असता तर सोपे गेले असते. "ते तोंड देवाचं होतं गुरुजी. फिटलं. आता खेळ म्हणून लावलं तर पहिलं खोटं होतं. मग हिला काही झालं तर तू काय करशील? दुसरा फोटो काढशील?"

चुलीपाशी जयसिंगची आई भाकरी थापत होती. मागे न वळता पावरी बोलीत काही म्हणाली. परत येताना रस्त्यात मी अर्थ विचारला. पावरा गुरुजींनी सांगितला : "ती म्हणाली, मला विचाराल तर मी लावा म्हणेन. पण आजारी मी पडले, आणि विचारताय याला."

खेमजीने ते ऐकले होते. एक काटकी मोडून चुलीत सारली.

२३ मार्च, सोमवार
दुसरा टप्पा सुरू. तिघांनी दिला. जयसिंग बाजूला बसून शेळ्या हाकलत होता. कोणी सांगितले नव्हते.

कें. प्रं.ना फोन. हस्तलिखित उत्तरपत्रिका घेऊन सोबत पंचनामा जोडतो, असे सुचवले. "कागद कोन वाचस भाऊ आते? गैरहजर टाका, मोकया व्हा." मोकळे व्हा म्हणजे कोणी, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. त्यांच्या सादरीकरणात पहिल्या पानावर अजून तोच फोटो आहे, हेही त्यांनीच सांगितले. उत्साहाने.

२४ मार्च, मंगळवार
शाळा सुटल्यावर जयसिंग मागे थांबला. खिडक्या लावू लागला; रोज लावत नाही. मग टेबलाशी येऊन वर्तमानपत्राची पुडी ठेवली. उघडली. चुलीतली राख. कागदाच्या दुसऱ्या घडीत ओले तांदळाचे पीठ.

"गुरुजी, तू लाव. मला आरसा नाही."

बापाला माहीत आहे का, विचारले. मान हलवली : नाही. आईला? खाली पाहिले. पीठ घरात कोण दळते हे मला कळते. पुढे विचारले नाही. भीती वाटत नाही का, एवढे विचारले.

"वाटते. लावून बघू. मग धुवून बघू."

तेच. बेरीज करून मग वजाबाकी. या एका गोष्टीत उलट करून पाहता येत नाही, हे त्याला कसे समजावून सांगावे ते मला सुचले नाही. उद्या सकाळी मोहाखाली ये, एवढेच म्हणालो. तोंड धुऊन ये की नको, ते सांगितले नाही. तो उड्या मारत उतारावरून गेला. हो म्हटले असे त्याने धरले आहे.

खेमजीला सांगणे माझे कर्तव्य आहे. सांगितले तर मुलगा तोडीवर. न सांगितले तर त्या घरात पुन्हा कोणी आजारी पडेल तेव्हा माझे नाव निघेल. आणि ते चूक आहे, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

उद्या शेवटचा दिवस. टॅब पूर्ण चार्ज केला आहे. पुडी कपाटात आहे. पीठ वाळू नये म्हणून तिच्यावर ओला रुमाल घातला आहे. हे मी कोणत्या विचाराने केले, ते लिहिता येत नाही.

पु. द. पाटील
शाळेचे कार्यालय, ता. धडगाव, जि. नंदुरबार
२४ मार्च, सायंकाळ