काढणीची सुट्टी आणि तिसरीचे गुण

टेकडी, १६ ऑक्टोबर २०२५

चि. रोझेर यास फिलोमेनमावशीचे अ. उ. आ.

मंगळवारी, १४ तारखेला, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तू शाळा मंडळापुढे भिंतीवर तक्ता दाखवलास. तिसरीच्या वाचनात आपल्या तीन प्राथमिक शाळांपैकी टेकडीवरची तळाला! त्याच तक्त्यावरून शाळा बंद करायची का, ते ३ नोव्हेंबरच्या बैठकीत ठरणार. तिथे मी एकतीस वर्षं शिकवलं. तूही तिथेच वाचायला शिकलास, आणि फार लवकर शिकला नाहीस.

तिसरीच्या बाई जोसेट माझ्या शेजारीच होत्या. रडल्या नाहीत, नुसते हातमोजे घालत नि काढत राहिल्या. परीक्षा कधी घेतली, ते कळव. तुझ्यासाठी ठेवलेलं धिरड्यांचं पीठ त्यांना दिलं आहे.

तुझी,
मावशी


कचेरी, २० ऑक्टोबर

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

पीठ गेल्याचं वाईट वाटलं. तिन्ही शाळांत परीक्षा ७ ऑक्टोबरलाच झाली, प्रश्नही तेच. याहून सरळ तुलना कोणती? आमचे साहेब म्हणाले, मावशीबाईंना शाळेचा लळा आहे, आकड्यांना नसतो. तक्ता मीच केला, पण शाळा बंद करा असं मी म्हटलेलं नाही. राग नसावा, लोभ असावा.

तुझा,
रोझेर


टेकडी, २३ ऑक्टोबर

चि. रोझेर यास आशीर्वाद. ते रागातही देता येतात.

१५ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर टेकडीची शाळा बटाट्याच्या काढणीसाठी बंद असते, हे विसरलास? खालच्या दोन्ही शाळांनी ती सुट्टी कधीच सोडली. ६ तारखेला आमची मुलं नखांत माती घेऊन परतली आणि दुसऱ्याच दिवशी तू त्यांना परीक्षेला बसवलंस. तोवर खालच्यांचे शिकवण्याचे दिवस पस्तीस, आमचे वीस. मी हजेरीपटावरून मोजले. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला वजाबाकी पट्टी हातात धरून शिकवली होती. ती अजून चुकत नाही.

मे महिन्याचे गुणही जोसेटबाईंकडून घेतले. तेव्हा तिन्ही शाळांचे दिवस सारखे भरले होते, आणि टेकडी पहिली होती. साहेबांना सांग, आकड्यांना लळा नसतो हे अगदी खरं.

साठ मुलांना रोज पाऊण तास बसमध्ये बसवायचं की नाही, हे त्या तक्त्यावर ठरणार आहे. तेव्हा शिकवण्याचे दिवस आणि मेचे गुण घालून नवा तक्ता ३ तारखेला त्याच भिंतीवर दाखवणार का, ते कळव. फोन नको, आईकडून निरोप नको. भाच्याचं प्रेम मला पोचलं. आता कचेरीचं उत्तर हवं. लेखी, सहीनिशी, शुक्रवार ३१ ऑक्टोबर, दुपारी चारच्या आत.

फिलोमेन उएलेट,
निवृत्त शिक्षिका