बाजारादिवशीची गोळी

मंठाळ, ४ फेब्रुवारी २०२४

चि. तेजश्रीस अप्पाचा भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू इचारतीस अन् मी निस्तं व्हय व्हय म्हणतो, म्हणून सगळं कागदावर लिवायलोय. तळहाताच्या भेगा मिटायल्यात. सोरायसिसवर कलबुर्गीच्या डॉक्टरनं दिलेली हप्त्याची गोळी नेमानं घ्यायलोय. वार ध्यानात राहीना, म्हणून गोळी बाजाराला बांधून टाकलो. बाजाराची पिशवी काढायची अन् गोळी गिळायची. परवा अफजलपूरला तुझ्या आत्याकडं गेलतो. तिथंबी बाजार भरलेला, तिथंबी घेतलो. नेम मोडला न्हाई.

बिरोबाची जत्रा पंधरा दिवसांवर आली. देवापुढं सात वर्षं ढोल वाजवलो न्हाई मी. भेगांतून रगत यायचं, अन् माझा ढोलातला जोडीदार हावगेप्पा माझ्या हातचा हळदीचा भंडारासुदिक कपाळाला लावून घेईना. यंदा वाजवू का, एवढं डॉक्टरला इचारून कळीव. लई आस लागलीय.

तुझा अप्पा

कलबुर्गी, ९ फेब्रुवारी २०२४

ती. अप्पांस तेजश्रीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून घाबरले, म्हणून फोनवर तशी ओरडले. ही गोळी हप्त्यात एकदाच घ्यायची. गावच्या बाजाराला एक आणि अफजलपूरच्या बाजाराला दुसरी, अशी चार दिवसांत दोनदा घेतली तर रक्त बनायचं थांबू शकतं, जिवावर बेततं. लेक औषधाच्या दुकानात बसते आणि बापानं गोळी बाजाराच्या हवाली केली! तुम्ही त्याच दिवशी इथं येऊन रक्त तपासलंत, सगळं ठीक निघालं, तेव्हा कुठं मला घास गेला. आता डबी आईकडं. येत्या रविवारी गोळी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आई देईल.

चांगल्या कातडीच्या पेशी तळातून वर यायला महिनाभर घेतात. तुमच्या चार दिवसांत वर येतात आणि थर साचतो, कारण आतली सूज त्यांना हाकलत राहते. ताल सोडून पळणाऱ्या ढोलकऱ्यासारखं आहे हे. गोळी सूज उतरवते, पेशी तालावर येतात. आजार मुळासकट जात नाही, पण दबून राहतो. आणि तो कुणाला लागत नाही, हे हावगेप्पा काकांना वाचून दाखवा.

हाताला मार बसला की चट्टे परत उठतात, म्हणून डॉक्टर नको म्हणत होते. मी हट्टच धरला, तेव्हा हो म्हणाले. अर्धा तास वाजवा, वर एक मिनिट नाही.

माझ्यावर रुसू नका, माया आहे तशीच ठेवा.

तुमची तेजश्री

मंठाळ, २० फेब्रुवारी २०२४

चि. तेजश्रीस अप्पाचा आशीर्वाद. वि. वि.

काल जत्रा झाली. तुझं पत्र हावगेप्पाला वाचून दाखवलतो. दोनदा वाचायला लावला. काल ढोल त्यानंच माझ्या गळ्यात अडकवला अन् सगळ्यांदेखत कपाळ पुढं केला. मी भंडारा लावलो.

मग वाजवलो. तुझी आई घड्याळ घेऊन पुढ्यात उभी. मी डोळे मिटून घेतलो, तर वेळ भरताच मागं येऊन पाठीत धपका घालून थांबवली. पोरी, अर्धा तासच वाजवलो, पण सात वर्षांचं वाजून झालं. परवाची गोळीबी तिनंच दिली, एकच.

अशीच आमच्यावर ओरडत जा.

तुझा अप्पा

ता. क. तळहात आज पिवळाजर्द दिसायलाय. घाबरू नकोस, भंडाऱ्यानं झालाय. हावगेप्पाच्या मागं सगळं गाव कपाळ घेऊन उभं राहिलतं. दोनदा धुतलो, जाईना. मीबी लई घासलो न्हाई.